केफालोनिया, झाकिन्थोस, लेफकाडा की कॉर्फू? आयोनियन बेटांमध्ये निसर्ग बघायला कुठे जायचं

ज्यांना ग्रीसला जायचंय पण सँटोरिनीची गर्दी नकोय आणि खरंच निसर्ग बघायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ग्रीसच्या पश्चिमेला, इटलीच्या बाजूला आयोनियन समुद्र आहे, त्यातली ही बेटं. सँटोरिनी, मिकोनोस वगैरे पूर्वेकडच्या एजियन समुद्रातली बेटं उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असतात, आणि इकडे पश्चिमेकडून येणारा हिवाळी पाऊस भरपूर पडतो त्यामुळे डोंगर थेट समुद्रापर्यंत हिरवे, ऑलिव्ह, सायप्रस, पाइन. मोठी आणि जायला सोयीची अशी चार बेटं आहेत, आणि बहुतेकांना सुट्टीत एकच किंवा फार तर दोन जमतात. माझं मत आधीच सांगते, एकच करायचं असेल तर केफालोनिया. पण सगळ्यांसाठी नाही, ते का ते खाली येईलच.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे निवडायला सोपं जाईल. ही बेटं मुख्यतः चुनखडीची आहेत आणि युरोपातल्या सगळ्यात जास्त भूकंप होणाऱ्या पट्ट्यात आहेत. चुनखडी पाण्याने विरघळते म्हणून गुहा, विवरं, जमिनीखालच्या नद्या, आणि भूकंपाने कडे तुटतात म्हणून समुद्रात उभे पांढरे कडे आणि खाली पांढऱ्या खड्यांचे बीच. फोटोत जो दुधात निळा रंग मिसळल्यासारखा समुद्र दिसतो तो फिल्टर नाहीये, पांढऱ्या तळामुळे आणि पाण्यात मिसळलेल्या चुनखडीच्या बारीक भुकटीमुळे तो तसाच दिसतो. पण जे कडे इतके सुंदर दिसतात तेच कोसळतात सुद्धा, त्यामुळे यातल्या दोन प्रसिद्ध जागा तुम्हाला फोटोत आहेत तशा मिळतीलच असं नाही.

केफालोनिया चारांत सगळ्यात मोठं, आणि इथे एका बेटावर इतक्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत की बाकीची तीन मागे पडतात. अर्गोस्तोली गावाजवळ काताव्होथ्रेस म्हणून जागा आहे, तिथे समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या विवरांतून चक्क जमिनीत जातं. एकोणिसाव्या शतकात या प्रवाहावर पाणचक्क्या चालायच्या. पाणी जातं कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं, मग 1963 मध्ये ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञांनी त्यात रंग सोडला आणि साधारण दोन आठवड्यांनी तो रंग बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला, सामी गावाजवळच्या झऱ्यांत आणि मेलिसानीच्या तळ्यात दिसला. म्हणजे समुद्राचं पाणी अख्ख्या डोंगराखालून पलीकडे जातं! 1953 च्या भूकंपानंतर काताव्होथ्रेसचा ओघ कमी झालाय त्यामुळे नुसतं तेवढंच बघायला गेलात तर विशेष वाटणार नाही, पण आधी ते बघून मग मेलिसानीला गेलात तर अंगावर काटा येतो.

मेलिसानी म्हणजे गुहेतलं तळं, गुहेच्या छताचा मोठा भाग कोसळलाय आणि वरून थेट ऊन पाण्यावर पडतं. होडीतून आत नेतात, फेरी छोटीच असते. इथे भर दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाच जायचं, रांग असली तरी, कारण तेव्हाच पाणी आतून दिवा लावल्यासारखं निळं होतं आणि होडी हवेत तरंगतेय असं वाटतं, सकाळी लवकर गेलात तर गुहा अंधारीच राहते आणि पैसे वाया गेले असं म्हणत लोक परत येतात. आतल्या छोट्या बेटावर उत्खननात पॅन या ग्रीक देवाची मातीची मूर्ती सापडली होती, म्हणजे प्राचीन काळी इथे पूजा व्हायची, आणि त्या जागी उभं राहिलं की ते अजिबात नवल वाटत नाही. जवळच द्रोगाराती गुहा आहे, लवणस्तंभांची, तीही करून घ्या, एका फेरीत दोन्ही होतं.

आणि मग एनोस पर्वत, 1628 मीटर, आयोनियन बेटांत सगळ्यात उंच. वर जे फर नावाच्या सूचिपर्णी झाडांचं गडद जंगल आहे त्या झाडाचं शास्त्रीय नावच या बेटावरून पडलंय, 1962 पासून तो नॅशनल पार्क आहे, आणि उतारावर अर्धवट जंगली घोड्यांचा छोटा कळप राहतो, दिसला तर नशीब. खाली समुद्रावर घामाघूम झालेला माणूस वर गेला की जॅकेट शोधतो. मिर्तोस बीच तर वरच्या रस्त्यावरून बघूनच पोट भरतं. अर्गोस्तोलीच्या धक्क्यावर सकाळी मच्छीमार जाळी साफ करत असतात तेव्हा मोठी समुद्री कासवं पायाखालच्या पाण्यात फिरताना दिसतात, बोटीचं तिकीट न काढता.

केफालोनियाची अडचण एकच, गाडीशिवाय काही खरं नाही. बस आहेत पण मोजक्या, अंतरं मोठी आणि रस्ते आंबेनळी घाटासारखे वळणावळणाचे, मध्येच शेळ्या. उजव्या बाजूने गाडी चालवायची मनाची तयारी नसेल, किंवा घरात कोणाला गाडी लागत असेल, तर इथे चिडचिड होईल.

आता झाकिन्थोस. इथे बरेच जण एका फोटोसाठी जातात, नावाग्यो, वाळूत रुतलेलं गंजलेलं जहाज आणि तिन्ही बाजूंनी पांढरे कडे. ते जहाज 1980 मध्ये तिथे लागलं. पण 2018 मध्ये कड्याचा मोठा तुकडा बीचवर पडून लोक जखमी झाले, 2022 मध्ये भूकंपानंतर परत दरड कोसळली, आणि त्यानंतर बीचवर उतरायला बंदी आली. म्हणजे बोटीतून लांबून बघायचं किंवा वरून. वरून बघताना पण कठड्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढणारे लोक बघितले की पोटात गोळा येतो, तिथला खडक ठिसूळ आहे, प्लीज नका जाऊ. निघायच्या आधी सध्याचा नियम काय आहे ते तपासा. आणि फक्त याच फोटोसाठी झाकिन्थोस निवडत असाल तर माझ्या मते निवडू नका.

झाकिन्थोस निवडायचं ते कासवांसाठी. दक्षिणेकडचा लागानासचा उपसागर म्हणजे भूमध्य समुद्रातल्या लॉगरहेड कासवांच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रजननाच्या जागांपैकी एक, 1999 मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. सेकानिया बीच तर पर्यटकांना पूर्ण बंदच आहे. गेराकासला जाता येतं पण फक्त दिवसा, आणि पाण्यालगतच्या पट्ट्यातच बसायचं कारण मागे वाळूत घरटी असतात. ज्यांनी आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघितलीयेत त्यांनी एक लक्षात ठेवा, तसं इथे बघायला मिळेल असं धरून जाऊ नका, वेळासला अंडी हॅचरीत आणून ठेवतात आणि पिल्लं लोकांसमोर सोडतात, इथे बहुतेक घरटी जागेवरच राखतात आणि पिल्लं रात्री बाहेर पडतात तेव्हा बीच बंद असतो. मला हे बरोबरच वाटतं. कासवं दिसतील ती पाण्यात, बोटीतून, पण बोट निवडताना बघून घ्या, एका कासवाभोवती पाच-सहा बोटी गोल करून उभ्या राहतात ते फार वाईट दिसतं आणि त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायला वर यायचं असतं. लांब थांबणारा, इंजिन बंद करणारा बोटवाला शोधा. उत्तरेला स्किनारी टोकाजवळच्या निळ्या गुहा छान आहेत, सकाळच्या उन्हात जास्त. लागानास गावात मात्र मुक्काम नको, रात्रभर पार्ट्या चालतात. केरी किंवा वासिलिकोस बाजूला राहा.

लेफकाडा ज्यांना फेरीबोट नको त्यांच्यासाठी. बेट असूनही रस्त्याने जाता येतं, छोट्या तरंगत्या पुलावरून, बोटी जायच्या असल्या की पूल बाजूला होतो आणि गाड्या थांबतात. पश्चिम किनारा म्हणजे कडे आणि खाली बीच, पोर्तो कात्सिकी, एग्रेम्नी, काथिस्मा. नुसते बीच लावून तुलना केली तर लेफकाडा चारांत पहिलं, केफालोनियाच्याही पुढे. पण 2015 च्या नोव्हेंबरमधल्या भूकंपात एग्रेम्नीला उतरायच्या पायऱ्या वाहून गेल्या होत्या, आता परत उतरता येतं पण पायऱ्या शेकड्यांनी आहेत आणि वर येताना सावली नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. निद्रीजवळ छोटा धबधबा आहे, सह्याद्रीतला पावसाळा बघितलेल्या माणसाने त्यासाठी वेळ घालवू नये.

कॉर्फू सगळ्यात हिरवं आणि सगळ्यात सोपं. व्हेनिसच्या राज्यात लावलेली लाखो ऑलिव्हची झाडं, जुनं शहर युनेस्कोच्या यादीत, बस चांगल्या, पान्तोक्रातोर डोंगरावरून समोर अल्बानिया दिसतो. आईबाबांना घेऊन जायचं असेल तर हेच. रौद्र असं काही बघायचं असेल तर कॉर्फू जरा मवाळ वाटेल.

पोहण्याबद्दल नीट सांगते कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना समुद्रात पोहायची सवय नसते. मिर्तोस आणि लेफकाडाचे पश्चिमेकडचे बीच लगेच खोल होतात, लाट असली की आत ओढ असते, लहान मुलांना तिथे पाण्यात नेऊ नका. मुलांसाठी झाकिन्थोसचा दक्षिण किनारा, कॉर्फूचा उत्तर किनारा किंवा केफालोनियात लालसर वाळूचा क्सी बीच, तिथे पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. आणि खड्यांच्या बीचसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच.

कधी जायचं? आपली मे महिन्याची सुट्टी चालते, फुलं असतात, गर्दी नसते, फक्त पाणी गार असतं आणि कासवं नुकती यायला लागलेली असतात. सप्टेंबर सगळ्यात उत्तम, समुद्र कोमट आणि पिल्लं बाहेर पडायचा काळ. ऑगस्ट टाळा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबरअखेर बरीच हॉटेलं आणि बोटी बंद होतात आणि पाऊस सुरू होतो.

दोन बेटं करायची तर केफालोनिया आणि लेफकाडा ही माझी जोडी, उन्हाळ्यात केफालोनियातल्या फिस्कार्दोहून लेफकाडाला फेरीबोट असते. कासवं हवीच असतील तर लेफकाडाऐवजी झाकिन्थोस, केफालोनियातल्याच पेसादाहून उन्हाळ्यात फेरीबोट सुटते, पण फेऱ्या कमी असतात म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी फेरीचं वेळापत्रक बघा, उलट करू नका. भाड्याची गाडी फेरीवर चढवायची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या, आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून इथूनच काढून न्या, तिथे गेल्यावर मिळत नाही.