पहिला बोनफिश कुठे? किरितिमाती, अँड्रोस आणि सेशेल्स

फ्लॅट्सवर, म्हणजे समुद्रातल्या उथळ, सपाट पाण्यात, बोनफिश या चंदेरी माशाच्या फ्लाय फिशिंगसाठी (गळावर पिसं-धागे बांधून केलेलं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, टाकून मासेमारी) पहिल्यांदाच एवढ्या लांब जायचं ठरवलं, की हीच तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: बहामातलं अँड्रोस, प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाचं किरितिमाती आणि हिंदी महासागरातल्या सेशेल्सची बाहेरची बेटं. बहुतेक जण फोटोतला मासा केवढा आहे ते बघून निवड करतात. मी तसं करू नका म्हणेन. आठवडाभरात दिसत्या माशापुढे फ्लाय टाकायची संधी आपल्याला किती वेळा मिळेल, आणि त्यातल्या किती चुका तिथलं पाणी पोटात घालेल, हे आधी बघा.

किरितिमातीला पहिल्याच सकाळी मी पांढऱ्या वाळूवर नडगीभर पाण्यात उभा होतो. गाईडने माझ्या दंडाला हात लावून थांबवलं आणि हळूच म्हणाला, अकरा वाजता, चाळीस फूट. म्हणजे समोर बारा धरले तर घड्याळात अकरा असतात त्या दिशेला. मला फक्त पाणी दिसत होतं. बोनफिशचं अंग आरशासारखं असतं, ज्या रंगाच्या वाळूवर तो पोहतो तोच रंग त्याच्या अंगावर उमटतो. म्हणून मासा शोधायचा नाही, त्याची सावली शोधायची. ती दिसायला मला तीन-चार सेकंद लागली. फ्लाय पडली, मी दोर दोनदा हळूच ओढला, सावली वळली, फ्लायवर तिरकी झाली, चिखलाचा लहानसा ढग उठला. आणि मी रॉड वर उचलला. गोड्या पाण्यातला ट्राउट मासा पकडताना लागलेली ही सवय इथे नडते. रॉड खाली ठेवून डाव्या हाताने दोर सरळ मागे खेचायचा असतो, म्हणजे गळ रुततो. मी उचलला तशी फ्लाय त्याच्या तोंडापुढून उडाली आणि मासा गेला.

दहा मिनिटांत दुसरा आला. त्याच्याही बाबतीत मी तेच केलं. चौथा लागला.

किरितिमातीच्या बाजूने माझं सगळं म्हणणं या दहा मिनिटांत आलं. तिथला बोनफिश फार मोठा नसतो, दोन ते चार पौंडांचाच जास्त, पण तो भरपूर आहे आणि दिवसभर आहे. अँड्रोसला पहिला मोठा मासा हुकला तर दुसरा दिसेपर्यंत तास जाऊ शकतो, आणि तेवढ्यात होडीच्या नाळेवर उभं राहायची पाळी जोडीदाराची आलेली असते.

ही नाळेची गोष्ट माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. अँड्रोसला मासेमारी मुख्यतः स्किफमधून, म्हणजे उथळ पाण्यातल्या छोट्या होडीतून, चालते. गाईड मागच्या उंच फळीवर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो आणि नाळेवर एका वेळी एकच माणूस उभा असतो. दोघांनी मिळून होडी घेतली, तर आठ तासांतले चार तास तुम्ही बसून असता. तेही वाईट नाही. उंचावरून मासा लांबून दिसतो, पाय शाबूत राहतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काही नाही. पण शिकायचं असेल तर हे अर्धे तास जड जातात. किरितिमातीला होडी फक्त एका फ्लॅटवरून दुसऱ्या फ्लॅटवर सोडते, पुढे सगळं चालणं. वाळू बहुतेक ठिकाणी टणक आहे, पाय खचत नाहीत. संध्याकाळी पोटऱ्या बोलतात ते मात्र खरं.

मोठा बोनफिश हवा असेल तर अँड्रोसला पर्याय नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. बहामातलं हे सर्वांत मोठं बेट, सुमारे ६,००० चौरस किलोमीटरचं, आणि तीन रुंद खाड्यांनी आडवं कापलेलं. पश्चिम किनाऱ्यावर मैलोन्मैल पांढरा चिखल आणि खारफुटी, वस्ती नाहीच. इथे आठ-दहा पौंडांचा मासा दिसणं ही दंतकथा नाही. क्रेझी चार्ली ही फ्लायसुद्धा इथलीच. १९७७ मध्ये अमेरिकेचे बॉब नॉहाइम अँड्रोसचे गाईड चार्ली स्मिथ यांच्यासोबत मासेमारी करताना ती बांधू लागले आणि नावही चार्लींचंच दिलं. आज किरितिमातीला तिचाच लहान, हलका अवतार चालतो, मण्यांच्या साखळीचे डोळे लावलेला. अँड्रोससाठी मात्र चार नंबरच्या गळावर बांधलेल्या, जरा जड फ्लाय न्याव्यात, कारण मोठा मासा थोड्या खोल पाण्यात असतो.

आता हवामान. माझ्या मते किरितिमातीचं पारडं सर्वांत जड होतं ते इथेच. ते विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे, पाणी वर्षभर कोमट असतं. वारा जवळपास रोज पूर्वेकडून येतो आणि बराच येतो, पण तो ओळखीचा होतो. एल निनोच्या वर्षी तिथे पाऊस वाढतो, तेवढं बघून घ्यावं. २०१५-१६ च्या एल निनोत या बेटाभोवतालचं बहुतांश प्रवाळ गरम पाण्याने मेलं, आणि पाण्यात डोकं घातलं की ते दिसतं. मन खिन्न होतं. बोनफिशचं जग मात्र खाजणाच्या आतल्या वाळूवर असल्याने फ्लॅट्स भरलेले आहेत.

अँड्रोसला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून थंड हवेचे झोत येतात. उथळ पाणी लगेच गार होतं, आणि ते २१ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की मासा फ्लॅट सोडून खोल पाण्यात उतरतो. तुमच्या सहा दिवसांतले तीन असे गेले तर कोणाला बोल लावणार? १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा काळ. म्हणून मार्च ते मे हाच काळ मी धरेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरही छान असतो, पण वादळाची टांगती तलवार चालत असेल तरच.

सेशेल्सबद्दल थोडक्यात. अल्फोन्स, फारक्हार, कोस्मोलेडो ही बेटं बोनफिशसाठी कमी आणि जायंट ट्रिव्हॅली या मोठ्या शिकारी माशासाठी जास्त ओळखली जातात. फारक्हारला ही ट्रिव्हॅली पाण्याबाहेर उसळून उडती सुरय पाखरं पकडते, यावरून तिच्या ताकदीची कल्पना यावी. तिच्यासाठी बारा वजनाचा रॉड (हा आकडा रॉड किती जड दोर पेलतो ते सांगतो), शंभर पौंडांच्या वरचा ताण सोसणारा लीडर, म्हणजे दोर आणि फ्लाय यांच्यामधला धागा, आणि वाऱ्यात जड फ्लाय टाकायचा सराव लागतो. हंगाम ऑक्टोबर ते मे, मधल्या महिन्यांत आग्नेयेचा वारा समुद्र खवळून टाकतो. काट्याविना गळ आणि पकडलेला मासा परत सोडणं तिथे सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण एका आठवड्याच्या पैशांत किरितिमातीच्या दोन फेऱ्या सहज होतात. ज्याला अजून चाळीस फुटांवर सावली ओळखता येत नाही, त्याने इथे पहिली फेरी करू नये.

प्रवासाच्या बाबतीत चित्र उलटं आहे. अँड्रोस सर्वांत सोपं: नासाऊहून छोट्या विमानाने पाव तास. बहामी डॉलर अमेरिकी डॉलरच्याच किमतीचा, तोही चालतो. फ्लॅट्सवर मासेमारीसाठी परवाना लागतो, तो आधी काढून ठेवावा. किरितिमातीला विमान आठवड्यातून एखादंच. ते चुकलं तर सहलच चुकली. होनोलुलूहून जाणाऱ्यांनी तारखेकडे नीट बघावं. दोन्हीकडे घड्याळात वेळ तीच, तारीख मात्र एक दिवस पुढची, कारण १९९५ पासून दिनरेषा या बेटांच्या पूर्वेला सरकवलेली आहे. मंगळवारी निघालात तर खोली बुधवारची घ्यावी लागते. नावाचाही घोळ आहे: किरितिमातीचा स्थानिक उच्चार किरिसमस, आणि ख्रिसमस नावाचं दुसरं बेट जावाच्या दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे. तिकिटावर देश वाचा.

किरितिमातीला सामानाचं दुकान नाही असंच समजून चाला. आठ वजनाचे दोन रॉड, दोन रिळं, प्रत्येकावर २०० मीटर बॅकिंग (मुख्य दोरामागचा राखीव धागा), तांबूस काचांचे पोलराइज्ड चष्मे दोन, जाड तळाचे वाळूचे बूट. डोळे आणि पाय, एवढ्यावरच आठवडा उभा असतो. प्रवाळाने कापलेला पाय दोन दिवसांत चिघळतो, आणि औषधोपचाराची सोय बेटावर बेताचीच. आपत्कालीन विमानाचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय निघू नका.

सोबत मासेमारी न करणारं कोणी असेल तर निवड आपोआप बदलते. अँड्रोसला पूर्व किनाऱ्यालगत लांबच लांब प्रवाळभिंत आहे आणि निळ्या विहिरींसारखे खोल डोह आहेत, त्यांचा आठवडा मजेत जाईल. किरितिमातीला समुद्रपक्षी अफाट आहेत, पण पक्ष्यांची आवड नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळेल. त्याला बळेबळे नेऊ नका.

एवढं सगळं बघून मी पहिल्या फेरीसाठी किरितिमाती सांगतो. गुडघे साथ देत नसतील, सुट्टी जेमतेम पाच दिवसांची असेल किंवा घरचं माणूस सोबत असेल, तर वसंतातलं अँड्रोस, आणि शक्य झालं तर होडी एकट्यासाठी.

तारखा ठरवताना विमानाआधी पंचांग उघडा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं आणि झपाट्याने उतरतं, नडगीभर पाण्याचा काळ थोडाच मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तेच पाणी तासन् तास रेंगाळतं आणि चालणाऱ्याला ते मानवतं. अँड्रोसला आणखी एक कारण आहे: ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास मोठे मासे थव्याने खोल समुद्राकडे अंडी घालायला जातात. म्हणून लॉजला पत्र लिहिताना दोन गोष्टी विचारा: माझ्या तारखांना ओहोटी किती वाजता आहे, आणि एका गाईडमागे माणसं किती. दोन्हींचं नेमकं उत्तर आलं, तरच आगाऊ रक्कम भरा.