कोहाच्या मॅन्युअलमध्ये दोन ओळी घालताना

आमचं वाचनालय गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात. दीड खोली, साडेसहा हजार पुस्तकं आणि पगारी माणूस एकच, तो मी. देवघेव कोहा या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाने हे करून घेतलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, लेकीच्या घरी भेटवस्तूंचं वजें जातं तसलीच, फक्त या भेटीत परतफेडीची अपेक्षाही धरलेली असते. सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं फुकट वापरलं. परत काही द्यायची वेळ आली ती तीन रुपयांच्या दंडावरून.

कोहात सुट्ट्यांचं कॅलेंडर असतं. सुट्टी एकाच तारखेपुरती, दर आठवड्याची (आमचा गुरुवार) किंवा दरवर्षी त्याच तारखेची अशी भरता येते. सलग दिवसही घालता येतात. दंड मोजताना बंद दिवस वगळायचं सेटिंग वेगळं, ते मी लावलेलं होतं. २०२३ मध्ये चवथ १९ सप्टेंबरला होती. तीन दिवस भरले आणि ‘दरवर्षी’ निवडून मोकळा झालो. १९ डिसेंबरचा मुक्तिदिन असाच भरला होता, तो बरोबर चालत होता ना!

२०२४ मध्ये चवथ आली ७ सप्टेंबरला. आम्ही कुलूप लावून माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायला घरी, आणि कोहाच्या हिशेबी वाचनालय सताड उघडं. १० तारखेला एक निवृत्त मास्तर पुस्तक घेऊन आले, परतीची तारीख ७. पडद्यावर तीन रुपये. मास्तरांनी नाणी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘‘गणपती घरात होता तेव्हा तुझं दार उघडं होतं काय रे?’’ पैसे परत दिले, ते त्यांनी घेतले नाहीत. अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

चूक माझीच. पण माझ्यासारखा आणखी कोणी तिथेच फसेल, म्हणून तिथीप्रमाणे सरकणाऱ्या सणांचं उदाहरण मॅन्युअलमध्ये घालावं असं ठरवलं.

आता मॅन्युअलमध्ये दुरुस्ती पाठवायच्या सोयीविषयी. कोहाच्या मॅन्युअलचा मूळ मजकूर गिटलॅब या संकेतस्थळावर उघडा ठेवलेला आहे. खातं काढायचं, फाइल शोधायची, तिथेच ब्राउझरमध्ये दुरुस्ती करायची आणि मर्ज रिक्वेस्ट पाठवायची. म्हणजे अर्जच: ‘अमुक बदल केला आहे, बघून मूळ प्रतीत घ्यावा.’ प्रोग्रॅमिंग यायला लागत नाही. चिकाटी मात्र लागते. पहिली संध्याकाळ फाइल सापडण्यातच गेली, दुसरी वीज गेल्यामुळे. तिसऱ्या दिवशी लिहिलं, जतन केलं, पाहतो तर माझी सुबक यादी एका परिच्छेदात गोळा झालेली. मजकूर रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट नावाच्या पद्धतीत असतो आणि त्यात यादीच्या आधी एक रिकामी ओळ सोडावीच लागते. त्या रिकाम्या ओळीने माझा पाऊण तास खाल्ला.

भाचा वेबसाइटी बनवतो. तो म्हणाला, पीएचपी या संगणकभाषेच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाखाली वापरणाऱ्यांच्या टिपा असतात, तसं इथे का नाही? त्याने दाखवल्याही. टीप टाकणं सोपं खरं, पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा सल्ला तिथे तसाच पडून असतो. आमच्या सूचनापेटीसारखं. त्यापेक्षा मजकुरातच दुरुस्ती करायची आणि ती दुसऱ्याने तपासायची, हे मला पटतं. दाखलनोंदीत खाडाखोड करताना आम्हीही सही घेतोच की.

इंग्रजीची धास्ती होती. माझं इंग्रजी सरकारी अर्जातलं, दोन ओळींत ‘काइंडली’ दोनदा. तपासणाऱ्यांनी दोन्ही काढले, वाक्यं निम्म्यावर आणली, आणि कुठेही मला कमी लेखल्यासारखं वाटलं नाही. एकच शंका विचारली: सरकणाऱ्या सुट्ट्यांत गुड फ्रायडेही येतो ना, तोही उदाहरणात घालू या का?

मी गोव्यातला माणूस, आणि हे मला समुद्रापलीकडून कोणीतरी सांगावं! सुधारून पाठवलं.

या सोयीला माझे गुण पाचपैकी साडेतीन. एक वजा फाइल शोधायला लावल्याबद्दल, कारण कामातून वेळ काढून बसणारा ग्रंथपाल तिथेच उठून जाईल. अर्धा त्या रिकाम्या ओळीचा. लहान वाचनालयवाल्यांनी पहिल्या खेपेला शुद्धलेखनाची एखादी चूक दुरुस्त करून पाठवावी, वाट कळते. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. पावसाळ्यात तीन.

पाठवून झाल्यावर आमचं स्वतःचं कॅलेंडर उघडलं. गुड फ्रायडे: २९ मार्च, दरवर्षी. तो आधी पुसला आणि मग घरी गेलो.