नजर कुणाची भारी: लुगोसी की ली?

सोलापुरात उन्हाळ्यात गच्चीवर चादरीचा पडदा लागला की आमच्यात हा वाद ठरलेला. १९३१च्या 'ड्रॅक्युला'त रक्तपिपासू ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीच्या फक्त डोळ्यांवर प्रकाशाचा पट्टा पाडलाय. तो त्याच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या प्राध्यापक व्हॅन हेलसिंगला "इकडे ये" म्हणतो. म्हातारा पुढे सरकतो, थबकतो आणि सगळा जोर लावून मागे हटतो. संमोहनाची झटापट इतकी उघड क्वचितच दिसते.

१९५८च्या रंगीत 'ड्रॅक्युला'त त्याच भूमिकेतला ख्रिस्तोफर ली फारसा बोलतच नाही. त्याची शिकार झालेली लूसी आपल्या हातानं गळ्यातला क्रूस काढते, दार उघडते, पलंगावर वाट बघत पडते. हुकूम कधी सुटला, कळतच नाही! लाल डोळे नसते तरी चाललं असतं. माझं मत लीलाच. पहिल्यांदा बघणाऱ्यानं मात्र लुगोसीपासून सुरुवात करावी.