आजोबांच्या दुनळीचा विमा

आजोबांची बाराबोअरची दुनळी बंदूक आणि दुसरी एकनळी, एवढाच आमचा 'संग्रह'. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच ठेवता येतात म्हणा. साताऱ्यात राजवाड्याजवळचा विमा एजंट म्हणाला, "घरच्या पॉलिसीत 'इतर सामान' म्हणून दाखवू." परवाना बघितलाही नाही!

पोवई नाक्यावरच्या एजंट बाईंनी मात्र परवाना, नळीवरचे नंबर, फोटो, किमतीचा दाखला, सगळं मागितलं. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं आहे का, तेही घरी येऊन पाहिलं. २ लाखांची वस्तू १ लाखाला उतरवली, तर ५० हजारांच्या नुकसानीला हातात २५ हजारच पडतात, हे त्यांच्यामुळे कळलं. हप्ता थोडा जास्त बसला. गंज पॉलिसीत धरत नाहीत. साताऱ्याच्या पावसाळ्यात तेलाचा बोळा आपणच फिरवायचा. परवान्याचं नूतनीकरण चुकवू नका, असं मात्र आम्हाला दोनदा बजावून गेल्या.