से की टेल, स्पीक की टॉक?
आपण मराठीत म्हणतो, सांगतो आणि बोलतो. या तिघांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजी बोलताना से, टेल, स्पीक आणि टॉक यांत गोंधळ उडाला की म्हणूनच मी आधी मराठी वाक्य कानात घोळवायला सांगते. 'म्हणाली' आलं तर से, 'सांगितलं' आलं तर टेल, 'बोलली' आलं तर स्पीक किंवा टॉक. बरंचसं काम इथेच होतं.

मुंबईकडच्यांनी मात्र जपून. 'तो बोलला की उद्या येतो' हे तिथे सर्रास चालतं, आणि त्याचं 'ही टॉक्ड दॅट...' होऊन बसतं. तो खरं तर 'म्हणाला' आहे: 'ही सेड ही वुड कम टुमॉरो.'

आधी कोणतं पक्कं करावं, असं विचाराल तर मी टेल सांगेन. सर्वांत जास्त चुका तिथेच ऐकते. टेलला बहुतेक वेळा ऐकणारा माणूस लागतो आणि तो त्याला चिकटूनच येतो: 'टेल मी', 'आय टोल्ड हर'. आपण 'मला'मधल्या 'ला'चा 'टू' करतो आणि 'ही टोल्ड टू मी' म्हणून मोकळे होतो. सेचं उलट आहे. ऐकणारा नसला तरी त्याचं अडत नाही, आणि घ्यायचाच तर मध्ये टू हवाच: 'शी सेड टू मी'. काम सांगायचं असेल तरी टेलच. त्याला मला फोन करायला सांग, म्हणजे 'टेल हिम टू कॉल मी'. इथला टू त्या माणसाचा नाही, पुढच्या कामाचा आहे.

मराठीवर विसंबून फसण्याची एक जागा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक काकू मुलाच्या शाळेत कळवळून म्हणाल्या, 'माय सन इज नॉट स्पीकिंग लाय.' आपण खोटं 'बोलतो' ना! इंग्रजीत ते सांगतात: 'टेल अ लाय'. खरं आणि गोष्ट आपणही सांगतोच, त्यामुळे 'टेल द ट्रूथ', 'टेल अ स्टोरी' सहज तोंडी बसतात. 'आय कान्ट टेल' तर हुबेहूब आपलं 'सांगता येत नाही'.

स्पीक आणि टॉक यांत फार डोकं शिणवू नका, पुष्कळदा दोन्ही चालतात. भाषा येते म्हणायला स्पीक: 'आय स्पीक मराठी'. बँकेत मॅनेजरला भेटायचं तर 'कॅन आय स्पीक टू द मॅनेजर?' थोडं अदबीचं वाटतं. मैत्रिणीशी दोन तास गप्पा झाल्या, तर 'वी टॉक्ड फॉर टू अवर्स'.

एखादा शब्द अडला की 'इंग्रजीत याला काय म्हणतात?' तिथे से: 'हाऊ डू यू से कढीपत्ता इन इंग्लिश?'

परवा त्याच काकू परदेशातल्या नातीशी फोनवर बोलत होत्या. शाळेचा विषय निघाला आणि त्यांनी न अडखळता विचारलं, 'टेल मी, व्हॉट डिड युवर टीचर से?' एकाच वाक्यात दोन्ही क्रियापदं, आणि दोन्ही आपापल्या जागी.