मावशीची खानावळ, कारंजा-तळेगाव रोड : गिऱ्हाईक कसं सांभाळावं ते इथं बघा (5 पैकी 4 स्टार)

नागपूरहून अमरावतीकडे निघालं आणि कारंजा घाडगे मागं टाकलं की डाव्या हाताला टिनाच्या शेडची खानावळ लागते, मोठा बोर्ड वगैरे काही नाही, ट्रकवाले आणि संत्र्याचे व्यापारी नुसतं "मावशीकडे" म्हणतात. कारंज्यात कोणालाही विचारा, सांगतात.

जेवणाचं आधी सांगून टाकतो. चुलीवरची ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याची भाजी, पाटवडी रस्सा, आणि बुधवारी-रविवारी सावजी चिकन-मटण. पाटवडी एक नंबर, रश्शात टाकली तरी फुटत नाही. सावजी पूर्वी जवसाच्या तेलात करायचे, इथं आता शेंगदाण्याचं तेल वापरतात, विचारल्यावर मावशींनी सरळ सांगितलं. सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) ताजा, ठेचा मागाल तेवढा.

पण हा रिव्ह्यू लिहायला बसलो तो जेवणासाठी नाही, तिथल्या वाढणाऱ्या पोरांसाठी. मी स्वतः नागपूरला एका हॉटेलात वेटर होतो, त्यामुळे कुठंही जेवायला गेलो की माझं लक्ष आधी वेटरकडे जातं. आमच्या हॉटेलात गिऱ्हाइकानं प्लेट परत केली की मालक काही न विचारता वेटरच्या पगारातून पैसे कापायचा. कायद्यानं दंड लावायच्या आधी कामगाराची बाजू ऐकावी लागते आणि दंड पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जात नाही, पण हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार. त्यामुळे गिऱ्हाईक ओरडलं की आम्ही खाली मान घालून सॉरी सॉरी करायचो, चूक कोणाची का असेना.

मावशीकडे उलटं आहे. सावजीत ठरलेलं भांडण म्हणजे तिखटाचं. नवीन माणूस येतो, "एकदम कडक तर्री आण" म्हणतो, आणि दोन घासांनंतर नाक पुसत प्लेट ढकलतो की हे काय जेवण आहे का. इथं पोरगा ऑर्डर घ्यायच्या आधीच वाटीत दोन चमचे रस्सा आणून ठेवतो, "दादा आधी चाखून पाहा, मंग सांगा". झालं, भांडण व्हायच्या आधीच संपलं. चाखून कमी तिखट मागितलं तर कोणी हसत पण नाही.

दुसरं भाकरीचं. चार जण जेवायला बसले की शेवटी हमखास "आम्ही एवढ्या खाल्ल्याच नाही" सुरू होतं. इथं प्रत्येक टेबलावर लहान पाटी आहे, भाकर वाढली की गिऱ्हाइकासमोरच खडूनं रेघ मारतात. हाफ प्लेट का फुल ते पण ऑर्डर घेतानाच भावासकट मोठ्यानं म्हणून दाखवतात. मी बसलो होतो तेव्हा मागच्या टेबलावर एक जण आवाज चढवत होता, पोरानं फक्त पाटी त्याच्यासमोर सरकवली, त्यानं रेघा मोजल्या आन् पैसे दिले.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे पिऊन आलेलं. कारंजा वर्धा जिल्ह्यात येतं, तिथं 1974 पासून दारूबंदी आहे, पण नागपूरकडून येताना आधी लागणारं कोंढाळी नागपूर जिल्ह्यात, तिकडून टाकून येतात आणि इथं येऊन ग्लास-चकणा मागतात. रात्रीच्या वेळी वीस वर्षांच्या पोरानं अशा टोळक्याला नाही म्हणायचं हे सोपं नाही, ज्यानं केलंय त्यालाच माहीत. इथं नियम असा की पोरगं वाद घालत नाही, "मावशीले विचारतो" म्हणून निघून येतं आणि मावशी स्वतः टेबलावर जातात. त्या दिवशी एकजण "ए पोट्ट्या, ग्लास आण बे" म्हणत होता. मावशी म्हणाल्या, "भाऊ, त्याले नाव हाये, नावानं बोलवा. जेवाचं असन तं गरम भाकर टाकतो, ग्लास इथं भेटत नाई." आवाज चढवला नाही, हात जोडले नाही, आणि तिथंच उभ्या राहिल्या. टोळक्यातलाच एक जण मित्राला "बस बे" म्हणाला आणि सगळे मुकाट जेवले. जाताना त्या पोराला "येतो भाऊ" म्हणून गेले, हे मी कानानं ऐकलं.

बिलावर पण एकाची कटकट चालू होती, कारमधले साहेब होते, म्हणे बिलात जीएसटी दाखवला नाही म्हणजे बिल कच्चं, पैसे देत नाही. गल्ल्यावर मावशींचा मुलगा बसतो, त्यानं शांतपणे सांगितलं की काका आम्ही कंपोझिशनमध्ये आहो, आम्हाले गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, बिलावर वर तसं छापलं हाये वाचून घ्या. बरोबर आहे त्याचं, कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, त्यातल्या माणसाला टॅक्स स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. आणि हो, ऑनलाइन पैसे देताना साऊंडबॉक्स बोलेपर्यंत थांबवतात, नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, त्याचा राग मानू नका. फसवून गेलेल्याचे पैसे दुसऱ्या ठिकाणी त्या पोराच्याच पगारातून जातात.

मी गल्ल्यावर विचारलं की प्लेट परत आली तर पोरांचे पैसे कापता का. मुलगा म्हणाला, "त्यायनं थोडी शिजवलं." मला हे ऐकून फार बरं वाटलं, म्हणून एवढं लिहितोय. बहुतेक त्यामुळेच इथली पोरं सारखी बदलत नाहीत, मागच्या संत्र्याच्या सीझनला वाढणारी तीच यंदा पण होती.

आता एक स्टार का कापला ते. हात धुवायच्या जागी साबण नसतो, पावसाळ्यात समोर गाडी लावायला नुसता चिखल, आणि बायकांसाठी बाथरूमची सोय नीट नाही, हायवेवर ही गोष्ट पाहिजेच, मावशींना पण सांगून आलोय. रविवारी दुपारी भाकरीला अर्धा तास लागू शकतो कारण चूल दोनच आहेत, त्यामुळे घाई असेल तर रविवारी जाऊ नका आणि गेलात तर पोरांवर ओरडू नका. मटण दुपारी दोनच्या आत संपतं, निघायच्या आधी फोन करून ठेवलेला बरा, नंबर बिलाच्या मागं छापलेला असतो.