विंटेज ओमेगा म्हणून 2,85,000 ला जोडतोड (वेगवेगळे भाग जुळवून बनवलेलं) घड्याळ गळ्यात मारलं, सावध राहा

पैसे परत मिळतील ही आशा मी सोडलीय, पण तो माणूस अजून विकतोय म्हणून लिहितोय. ओमेगा सीमास्टर 300, मॉडेल 165.024, "1967 चं, सगळं ओरिजिनल, आजोबा जहाजावर होते त्यांचं" असं सांगून 2,85,000 घेतले. 85,000 टोकन यूपीआयने, 1,00,000 बँक ट्रान्सफर, 1,00,000 कॅश. कॅश का दिली असं आता जो तो विचारतो. अहो, माणसाने घरी बोलावलं, चहा पाजला, आधारची कॉपी हातात ठेवली (तीही खोटी निघाली), घर भाड्याचं आहे आणि महिनाअखेरीला रिकामं होणार हे मला कसं कळणार?

आणि मी नवखा नाही. एचएमटी, फेवर ल्युबा कित्येक वर्षं जमवतोय. चोर बाजारातलं रंगवलेलं डायल, ज्याला जगभरचे कलेक्टर मुंबई स्पेशल म्हणतात, ते मी लांबून ओळखतो. हे तसं नव्हतं. डायलवरचे आकडे पिवळट पडलेले, बेझलवर (काचेभोवतीच्या कडीवर) ओरखडे, केसवर (बाहेरच्या डब्यावर) झीज. हे सगळं मुद्दाम करतात, आणि फार चांगलं करतात.

जीव जळतो तो एका गोष्टीने. त्याने स्वतःच घड्याळावर ओंजळ धरली आणि म्हणाला, बघा साहेब, अजून रेडियम चमकतंय, काय क्वालिटी होती तेव्हा. आणि मी मान डोलावली! त्या काळातल्या घड्याळात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असतो, ते बारा-साडेबारा वर्षांत निम्मं होतं, मग पुन्हा निम्मं, आज ते अंधारात जवळजवळ मेलेलं दिसायला पाहिजे. हे मला माहीत होतं. सर्व्हिसला डायल-काटे बदलले असतील तर चमकेल, पण मग "सगळं ओरिजिनल" कसलं? खोटेपणाचा पुरावा तो माझ्या डोळ्यासमोर धरून विकत होता. मागचं झाकण उघडा म्हटलं तर म्हणे वॉटरप्रूफिंग जाईल. झाकण उघडू देत नसेल तर तिथूनच उठा, चहासुद्धा संपवू नका.

नंतर लक्ष्मी रोडच्या बाजूला एका जुन्या घड्याळवाल्या काकांनी उघडलं. मशीन ओमेगाचंच, पण 550 नावाचं, 17 ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतले खडे), साध्या सीमास्टरमधून काढलेलं. पाहिजे होतं 24 ज्वेलचं 552. मशीनवरचा नंबर 17 ने सुरू होणारा आठ आकडी, म्हणजे 1960 च्या आसपासचा, आणि हे मॉडेल आलंच 1964 ला. केस, डायल, बेझल हल्ली बनवलेलं. आधी मशीनचा नंबर मागा, फोटो नको, व्हिडिओ, तुमच्यासमोर झाकण उघडून.

"एवढं कळतं तर फसलास कसा" म्हणणाऱ्यांनी 2021 चा जिनिव्हाचा लिलाव आठवावा. ओमेगाचंच 1957 चं स्पीडमास्टर मॉडेल 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, खुद्द ओमेगाने म्युझियमसाठी घेतलं, आणि 2023 ला तेच जोडतोड निघालं. कंपनी फसते तिथे मी कोण.

पोलिसांचं तर विचारूच नका. स्टेशनला म्हणाले पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही समोरासमोर भेटलात, वस्तू हातात घेतलीत, हे आमचं नाही. परत स्टेशनला, तर तिथले साहेब म्हणतात घड्याळ चालतंय ना, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर. एकाने तर जुन्या घड्याळाला तीन लाख देतं का कोणी म्हणून बाकीच्यांना बोलावून दाखवलं. नवीन कायद्यात (भारतीय न्याय संहिता) कलम 318 फसवणुकीचंच आहे, मी छापून नेलं होतं, त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. शेवटी साधा अर्ज घेऊन शिक्का मारला, एफआयआर नाही. कॅशचा पुरावा नाही म्हणून ते एक लाख तर अर्जातसुद्धा नीट लिहू देईनात.

या आठवड्यात त्याच्या नव्या जाहिरातीच्या फोटोत तीच निळी चादर, तोच टेबल, आता स्पीडमास्टर 3,40,000 ला, याही वेळी "आजोबांचं". टोकन मागतोय. कोणी ऑनलाइन दिलं असेल तर आजच 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँकेला फोन करा, उद्यावर टाकू नका, आणि कॅश अजिबात देऊ नका.